चाकं मोजून घेतलेला रणगाडा

उमरगा, जि. धाराशिव

११ जून

मृगाचा पाऊस बरा झाला. बोअरच्या मोटारी जळून यायचा हंगाम संपला. आता दिवाळीनंतर व्होल्टेज पडायला लागेपर्यंत रिवायंडिंगचं काम जेमतेमच, त्यामुळं संध्याकाळी दुकानातलं टेबल मोकळं असतं. नगरचं रणगाडा संग्रहालय पाहून आल्यापासून मनात होतं ते काम आता काढायचं. प्लास्टिकच्या सुट्या भागांचा किट आणायचा आणि रणगाडा स्वतः जोडायचा. आधी कधी केलेलं नाही. बजेट रंग-सिमेंट धरून पाच हजार. त्याच्या वर गेलं तर घरात सांगायची सोय नाही.

भाचा लातूरहून राहायला आलाय, नववीत आहे. मोबाइलवर रणगाड्यांचा गेम खेळतो, म्हणजे त्याचं मत तयारच. "मामा, टायगरच घ्या. बाकीचे सगळे डबडे."

१४ जून

डब्यावरची चित्रं बघून काही ठरत नाही, सगळीच भारी असतात. म्हणून प्रत्येक रणगाड्याची चाकं मोजायला बसलो. किटमध्ये सगळ्यात कंटाळ्याचं काम तेच: चाक ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला जोडून येतं तिच्यातून तोडा, कड घासा, दोन अर्धे जोडा, रबराची धाव काळी रंगवा, की पुढचं चाक.

टायगर, जर्मन: एका बाजूला आठ आस आणि सुरुवातीच्या गाड्यांत प्रत्येक आसावर तीन चाकं, एकमेकांत घुसवलेली. एका बाजूची २४, दोन्हीकडची ४८. भाच्याला हिशेब दाखवला. तो म्हणाला, "गेममध्ये कुठं रंगवाय लागतंय?"

शेर्मन, अमेरिकन: एकूण १२ चाकं, ऐकायला सोपं. पण ती दोन-दोनच्या जोडीनं सहा बोगींवर, म्हणजे चाकांच्या गाड्यांवर, बसतात आणि किटमध्ये एकेका बोगीचे ब्रॅकेट, आर्म, वरचा रोलर असे सात-आठ तरी भाग. सहाही बोगी एका रेषेत आल्या नाहीत तर गाडी टेबलावर लंगडते.

टी-३४ आणि टी-५५, रशियन: बाजूला पाच मोठी चाकं. मागं दात्याचं, पुढं ताणाचं. वर परतीचे रोलर नाहीतच, पट्टा चाकांवरच टेकतो. मोजणी संपली.

खरं तर चाकांच्या संख्येपेक्षा त्यांच्यावरचा पट्टा पाहायला हवा. किटमध्ये पट्टे तीन प्रकारचे येतात. एक, अख्खा लवचीक पट्टा, दोन टोकं जोडली की झालं. दुसरा, कडक प्लास्टिकचा: सरळ भागासाठी लांब तुकडे आणि वळणावर सुट्या कड्या. तिसरा, एकेक कडी सुटी, बाजूला नव्वदेक कड्या. तिसरा सगळ्यात खरा दिसतो आणि नवशिक्याचा किट कायमचा माळ्यावर जातो तो बहुतेक त्याच्यामुळंच. डब्याच्या बाजूला पट्ट्याचा प्रकार कुणीही मोठ्या अक्षरात छापत नाही. फ्रेमचे फोटो उघडून पाहावे लागतात.

१९ जून

आकार ठरवायचा आहे. टी-५५ची हल, म्हणजे खालचं धड, खऱ्यात साधारण ६.४५ मीटर लांब. पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या कापल्या: १/३५ला, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याला, साडेअठरा सेंटिमीटरच्या आतबाहेर, १/४८ला साडेतेरा, १/७२ला नऊ. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

१/७२ स्वस्त आणि कपाटात मावतो. पण त्याच्यातलं हेडलाइट ज्वारीच्या दाण्याहून लहान, माझ्या चाळिशीला ते जमणार नाही. १/४८ मध्यम; तामिया या जपानी कंपनीच्या या मापातल्या सुरुवातीच्या किटांत खालची हल ओतीव धातूची आहे, म्हणजे तिथं प्लास्टिकचं सिमेंट चालत नाही, सुपर ग्लू लागतो. पहिल्याच किटला दोन प्रकारचे चिकट कशाला? १/३५ नक्की केला.

हे १/३५ कुठून आलं ते वाचून मजा वाटली. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तामियानं पँथर या जर्मन रणगाड्याचा किट काढला, त्यात मोटार आणि बॅटऱ्या बसायला हव्या होत्या. त्या मावतील एवढी गाडी केली, मग माप काढलं तर पस्तिसावा हिस्सा निघाला. पुढं सगळ्यांनी तेच धरलं. मोटारीसाठी माप ठरलेलं, म्हणजे आमच्याच धंद्यातली गोष्ट! त्या काळातल्या जुन्या साच्यांच्या किटांत तळाला मोटारीसाठीची भोकं अजून दिसतात, ती बुजवावी लागतात. डबा नवाकोरा, चित्र नवं, आतला साचा पन्नास वर्षांचा, असं या धंद्यात सर्रास चालतं. साचा कुठल्या साली केला ते पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

२२ जून

आतलं इंजिन, दारूगोळा, सीटं सगळं असलेले किट पाहिले. मिनीआर्ट कंपनीचे टी-५४, टी-५५ तसे आहेत, हजाराच्या वर भाग. मोह झाला. पण टरेट, म्हणजे वरचा फिरता बुरूज, बंद केलं की त्यातलं ९० टक्के कुणाला दिसणार नाही. ज्यांचा हात बसलाय त्यांनी करावं. मला एक गाडी पुरी करायची आहे.

२७ जून

शेर्मन मनातून जात नव्हता, कारण उमरग्याच्या माणसाला तो जाऊ देत नाही. पोलीस ॲक्शन सुरू झाली त्या दिवशीच, १३ सप्टेंबर १९४८ला, सोलापूरकडून निघालेली चिलखती तुकडी बोरी नदीचा पूल ताब्यात आल्यावर नळदुर्ग, जळकोट करत दुपारी उमरग्यात पोचली होती. मेजर जनरल जयंतनाथ चौधुरींची पहिली चिलखती डिव्हिजन. त्या वेळी आपल्या सैन्याचा मुख्य रणगाडा शेर्मनच.

गल्लीतल्या आजोबांना विचारलं. तेव्हा ते सात-आठ वर्षांचे. "गाडी कसली ते काय कळतंय आम्हाला? भांडी हादरून फळीवरनं खाली आली, तेवढं ध्यानात हाय. अन् आमची आजी म्हणली, आता रजाकार येत न्हाईत." रणगाड्याचं याहून जास्त वर्णन त्यांच्याकडं नव्हतं, आणि मलाही पुढं विचारावंसं वाटलं नाही.

तरी शेर्मन पहिला नको. बोगींचं कारण वर आलंच. दुसरं असं की शेर्मन म्हणजे एक गाडी नव्हेच. एम४ए१ची हल ओतीव, गोलसर. बाकीच्यांची पत्रे जोडून केलेली. एम४ए४मध्ये मोटारगाडीची पाच इंजिनं एकत्र बांधून ३० सिलिंडरचं एक केलेलं, त्यामुळं त्याची हल लांब. उमरग्याच्या रस्त्यावरचा नेमका कुठला, याचा पक्का फोटो हातात आल्यावरच तो किट घेईन. आपल्या गावाची गाडी अंदाजपंचे करायची नाही.

३ जुलै

ठरलं. तामियाचा टी-५५ए, १/३५, २००२ सालचा साचा. अख्खा लवचीक पट्टा, प्लास्टिकच्याच सिमेंटनं चिकटणारा. आत काही नाही. गाडी एका हिरव्या रंगाची करता येते, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या एअरब्रशवाचून जमतं. टरेट ओतीव, त्यामुळं पृष्ठभाग मुळातच खडबडीत हवा. घासकामाची उणीव तिथं खपून जाते. आणि टी-५५ आपल्या सैन्यानं १९७१ला वापरला, त्यानंतरही बरीच वर्षं.

भाचा परत गेला. जाताना म्हणाला, "मामा, रशियन घेतला ना शेवटी." मी म्हणालो, भारतीय करणार आहे.

किट मुंबईहून मागवला. विमानानं लवकर येतो पण सिमेंट आणि रंग ज्वलनशील, ते विमानात घेत नाहीत. सगळं एकत्र रोडनं पाठवा म्हणून सांगितलं.

१२ जुलै

डबा आला. कुरिअरवाल्यानं विचारलं, अण्णा, कुठल्या कंपनीचा पार्ट आहे? रणगाड्याचा म्हटल्यावर हसला.

फ्रेम साबणाच्या पाण्यात धुतल्या, साच्याचं तेल राहिलेलं असतं. इथल्या बोअरच्या पाण्यात एवढे क्षार की स्टीलचा तांब्यासुद्धा पांढरा पडतो. त्यामुळं शेवटचा हात इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेल्या डिस्टिल्ड वॉटरचा. प्लास्टिक वाळल्यावर एक डाग नाही.

हत्यारं बहुतेक दुकानातलीच. बारीक तारा तोडायचा सपाट तोंडाचा कटर इथं सगळ्यात कामाचा. भाग फ्रेमला चिकटून तोडायचा नाही. लांबून तोडायचा, मग उरलेला खुंट दुसऱ्यांदा, मग पॉलिश पेपर ४००, शेवटी ८००. सरळ एका झटक्यात तोडलं तर प्लास्टिक आतून खेचलं जाऊन पांढरा खड्डा पडतो, आणि तो भरायला लागतो.

१६ जुलै

चाकं. आतलं-बाहेरचं धरून वीस तबकड्या, शिवाय पुढची-मागची. टीव्हीवर मॅच लावून बसलो, एका संध्याकाळीत कडा घासून झाल्या. टायगर असता तर मालिका संपली असती.

सिमेंटबद्दल: हे फेविक्विकसारखं वरून पकडत नाही. पाण्यासारखं पातळ असतं. दोन भाग कोरडेच एकमेकांना धरायचे, ब्रशचं टोक सांध्याला लावायचं, द्रव आपोआप फटीत ओढला जातो, दोन्हीकडचं प्लास्टिक विरघळवून एक करतो. मग हलकेच दाबलं की सांध्यातून पातळ कड वर येते, तीच वाळल्यावर घासून काढली की सांधा नाहीसा. वास उग्र आहे. शटर अर्धं उघडं, पंखा बाहेरच्या दिशेनं.

२० जुलै

हल. टी-५५च्या पहिल्या आणि दुसऱ्या चाकामधलं अंतर बाकीच्यांपेक्षा जास्त असतं, लांबून गाडी ओळखायची खूण तीच. चाकांचे आर्म बसवल्यावर काचेच्या तुकड्यावर ठेवून पाहिलं, दहाही टेकली पाहिजेत. टेकली.

काम आलं, दोन मोटारी. किट बाजूला.

२ ऑगस्ट

टरेट. ओतीव पोलादाचा पोत आणायचा. सिमेंट एका वेळी दोन बोटांएवढ्या जागेत लावायचं, प्लास्टिक मऊ पडलं की जुन्या ताठ ब्रशनं टोचत जायचं. उभं टोचायचं, फासायचं नाही. वाळल्यावर ८०० पेपर एकदाच अलगद फिरवला, वरचे काटे तेवढे निघाले. उजेडात तिरकं धरलं की ओतकामाची वाळू दिसते. या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही.

९ ऑगस्ट

ओढायचा दोर. किटमधला बाजूला ठेवला. खरा दोर इंचभर जाड धरला तर पस्तिसाव्या हिश्श्यात ०.७ मिलिमीटर. ३४ गेजची वायंडिंग वायर ०.२३ मिलिमीटरची, सात तारा, मधली एक आणि भोवती सहा, हातड्रिलमध्ये धरून पीळ दिला तर बरोबर ०.७. दुकानातली पोरं बघत उभी राहिली. दोर हुबेहूब झाला, टरेटला वळवून बसवला तरी सुटत नाही. वायरचं इनॅमल मात्र आधी घासलं, रंग त्याच्यावर धरत नाही.

१४ ऑगस्ट

प्रायमर मारायचा आहे पण भुरभुर थांबत नाही. दमट हवेत स्प्रेचा लॅकर पांढुरका पडतो. मोटारीचं वार्निश आपण बल्ब लावून तापवतो, इथं तो उपाय नाही, प्लास्टिक वाकेल. थांबणे.

२१ ऑगस्ट

चांगलं ऊन. गाडीच्या रंगाच्या दुकानातला करडा प्रायमर, हातभर अंतरावरून, पातळ तीन हात. कॅम्लिनचे ॲक्रिलिक नुसत्या प्लास्टिकवर नखानं सुटतात, प्रायमरवर धरतात.

२५ ऑगस्ट

हिरवा. तामियाचा ऑलिव्ह ड्रॅब, त्यात गडद हिरवा आणि उजळायला थोडा पिवळट. गाडी लहान तर रंगही थोडा उजळ लागतो, नाहीतर साडेअठरा सेंटिमीटरचा काळा ठोकळा दिसतो. रुंद मऊ ब्रश, पातळ रंग, एका दिशेनं, पुढचा हात दुसऱ्या दिवशी.

धावांसाठी स्टेशनरीतली गोलांची स्टेन्सिल. योग्य भोक चाकावर ठेवायचं आणि भोवतीची कड काळी न करता करडी करायची. टायर कधी काळाभोर नसतो, आपल्या कुठल्याही ट्रॅक्टरचा बघा.

१ सप्टेंबर

पट्टे. पट्टा वरून सरळ ताठ दिसला की मेहनत वाया. खऱ्यात तो वजनानं चाकांवर झोल खातो. पट्टा चढवला, मधल्या चाकांच्या माथ्यावर सुपर ग्लूचा थेंब, आणि फेंडर व पट्ट्याच्या फटीत खोडरबराचे कापलेले तुकडे कोंबून रात्रभर ठेवले. सकाळी तुकडे काढले. मागच्या दात्याच्या चाकापर्यंत चढताना तो जो बाक घेतो, त्याच्यावर गाडीचं सगळं वजन दिसतं.

८ सप्टेंबर

भारतीय करणार म्हणालो होतो, ते काम. १९७१ला पाकिस्तानकडं चिनी टाइप ५९ होते, म्हणजे टी-५५च्या आधीच्या टी-५४एचीच नक्कल. दोन्ही बाजूंना जवळपास एकच आकृती. धुळीत आपलाच रणगाडा आपल्याच तोफेखाली यायला वेळ लागला नसता. म्हणून आपल्या टी-५५च्या नळीच्या मध्याजवळ खोटा फुगवटा बसवला. आपल्या सेंच्युरियन आणि विजयंता रणगाड्यांच्या तोफेला त्या जागी धूर ओढून घेणारा खरा फुगवटा असतो. पाकिस्तानच्या टाइप ५९ला मध्यावर नाही. नळीच्या मध्यात गोळा दिसला की आपली गाडी.

हा भाग डब्यात नाही, कारण डब्यात भारत नाही. वायंडिंगचा लेदराइड पेपर, म्हणजे मोटारीतला इन्सुलेशनचा कागद, पाच मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत कापला आणि नळीला घट्ट वेढे दिले. शेवटचे वेढे थोडे अरुंद, म्हणजे कडा उतरत्या होतात. फेविकॉलनं पक्का केला, कागदाला सिमेंट चालत नाही. प्रायमरचा एक हात, मग हिरवा. पलीकडच्या मेकॅनिकनं लगेच विचारलं, हे काय सुजलंय? गोष्ट सांगितली. त्याचे मामा सैन्यात होते, तो बराच वेळ बसला.

नंबर आणि युनिटच्या खुणा घातल्या नाहीत. एखाद्या खऱ्या गाडीचा फोटो समोर असला तर तिचा नंबर टाकीन. मनानं रचलेला नंबर टाकायला ही काय लग्नाची बग्गी नाही.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. सकाळी झेंडावंदन, दुकान बंद.

दुपारी वॉश: तपकिरी ऑइल कलरचा मुगाएवढा ठिपका भरपूर टर्पेंटाइनमध्ये. खाचांत टोक लावलं की आपोआप पळतो. खाली ॲक्रिलिक असल्यानं टर्पेंटाइन त्याला उचलत नाही.

२२ सप्टेंबर

चिखल. मुलगी म्हणाली, आपल्या रानातली काळी माती लावा. ती लावली असती तर गाडी मराठवाड्यात लढली असं झालं असतं. मी ती पंजाबात लढलेली धरली. तिथली माती गाळाची, फिकट. किराणा दुकानातून मुलतानी माती आणली, दहा रुपयांची पुडी. पिठासारखी बारीक आणि रंग हवा तसा. बायको म्हणाली, "चेहऱ्याला लावायची तर कधी आणली नाही." कापडातून गाळली, पाण्यात फेविकॉलचे थेंब टाकून चाकांच्या आत आणि फेंडरखाली ब्रशनं सोडली; वरच्या अंगाला कोरडीच चोळली. वर जाड काही ठेवायचं नाही. पस्तिसाव्या हिश्श्यात वाळूचा एक जाड कण मुठीएवढा दगड होतो.

२९ सप्टेंबर

मॅट वार्निशचा शेवटचा हात. अँटेना ४२ गेजची तार. खर्च चार हजार सातशे, त्यात सिमेंटची बाटली पाऊण शिल्लक, रंग निम्मे.

भाच्याला फोटो पाठवला. त्याचा मेसेज: "भारी. आता टायगर?" माझ्या डोक्यात पुढचा सेंच्युरियन आहे. त्याला बाजूचे पडदे असतात, पट्ट्याची वरची ओळ आणि निम्मी चाकं झाकली जातात. तामियाचा सेंच्युरियन मात्र सत्तरच्या दशकातल्या साच्याचा, एएफव्ही क्लब कंपनीचा नवा पण भाग बरेच. दोन्हींच्या फ्रेमचे फोटो काढून ठेवलेत. भाच्याला लिहिलं, दिवाळीत ये, ४८ चाकांच्या धावा तू रंगवणार असशील तर टायगरचे पैसे मी देतो. अजून उत्तर नाही.